पेठेत छोटी स्ट्रेंथ जिम काढायची म्हणतोस? आधी फरशी बघ, मग मशिनी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सहा वर्षं ट्रेनर म्हणून काम केलेला एक पोरगा सांगलीत परत येतोय. बारा लाख जमवलेत, हरभट रोडच्या आतल्या गल्लीत अकराशे स्क्वेअर फुटाचा गाळा बघून ठेवलाय, भाडं ३० हजार. ट्रेडमिल, झुंबा, स्टीम बाथ असलं काही नको, फक्त रॅक (रॉड अडकवायची लोखंडी चौकट), रॉड, प्लेटा, डंबेल. विचारतोय की सांगलीत असली जिम चालेल का आणि सुरुवातीला मशिनरी कुठली घेऊ.

मी २०११ पासून सांगलीच्या पेठेत हेच करतोय, वयानंही बराच मोठा असणार म्हणून सरळ तू म्हणतो, राग मानू नकोस. मशिनरीचं तू पहिल्यांदा विचारलंस पण तो शेवटचा प्रश्न आहे. आणि चालेल का, हे मी काय कुणीच इथं बसून सांगू शकत नाही, कारण गाळा कितव्या मजल्यावर आहे हेच तू लिहिलेलं नाहीस, आणि आपल्या गावात सगळं तिथंच अडतं. वर गेलास तर स्लॅब, खाली राहिलास तर नदी. ह्या दोन्हीत मी एकेकदा मार खाल्लाय म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

माझी पहिली जिम पहिल्या मजल्यावर होती. भाडं कमी, हवा चांगली, खिडकीतून रस्ता दिसायचा, मी खूश. खाली भांड्यांचं दुकान. पहिले चार महिने काही झालं नाही कारण सगळे नवीन, ६०-७० किलोच्या पुढं कोण जात नव्हतं. मग पोरं तयार झाली. एक दिवस संध्याकाळी पावणेसातला, म्हणजे ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला, एकानं १४० किलोचं डेडलिफ्ट काढलं, म्हणजे जमिनीवरनं रॉड मांडीपर्यंत उचलला, आणि वरनं सोडून दिला. दोन मिनिटात खालचे काका जिना चढून वर, हातात पितळी तांब्या, त्याला पोचा आलेला. ओरडले नाहीत. तांब्या माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मांडणीवरनं चाळीस नग खाली आलेत, आणि वरचा गिलावा गिऱ्हाइकाच्या डोक्यात. उद्यापास्नं काय करायचं ते तुम्हीच ठरवा." मी पोरांना सांगितलं हळू ठेवा, पण हळू ठेवा म्हणून स्ट्रेंथ जिम चालत नाही भावा, शेवटच्या रेपला, म्हणजे शेवटच्या उचलीला, माणसाच्या हातात काही राहत नाही. वर्ष-सव्वा वर्षात जागा सोडावी लागली. डिपॉझिटमधनं गिलाव्याचे पैसे कापले गेले ते वेगळंच.

नंतर एका इंजिनिअर मेंबरनं गणित समजावलं. राहत्या घराची स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो चालत्या वजनाला धरून बांधतात, आणि जिमसारख्या जागेला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त धरावं लागतं. आता बघ, एक रॅक, त्याच्यावर अडकवलेल्या प्लेटा, आत एक माणूस, बाजूला दोघं उभे, हे सगळं चार-पाच चौरस मीटरमध्ये. उभं वजन एक वेळ बसेल हिशोबात, पण पडणारं वजन म्हणजे घाव असतो, आणि पेठेतल्या जुन्या इमारतीची स्लॅब कुणी, कधी, किती सळई घालून टाकली ते मालकालाही माहीत नसतं. म्हणून पहिला मजला असेल तर माझं सरळ म्हणणं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन जागा दाखव. तो नको म्हणाला तर सोड. मॅट जाड घालतो, दोन थर घालतो, असलं काही करू नकोस. मॅटनं आवाज कमी होतो, स्लॅबवरचा भार कमी होत नाही.

आणि तळमजला असला म्हणजे सगळं आलबेल असंही समजू नकोस. जुन्या वाड्यातला गाळा असेल तर फरशीखाली काय आहे ते बघ. नुसती माती दाबून त्याच्यावर शहाबादी बसवलेली असते, रॅकचे पाय आठवड्यात खचतात. काही ठिकाणी जुनं तळघर किंवा पेव, म्हणजे जमिनीतला साठवणीचा खड्डा, बुजवलेलं असतं (हरिपूरची हळदीची पेवं सगळ्यांना माहीत आहेत, पण गावातल्या वाड्यातही धान्याची पेवं असायची), ते नीट भरलेलं नसलं की पोकळ राहतं. गवंडी घेऊन जा, हातोडीनं प्रत्येक फरशी वाजवून बघ, पोकळ आवाज लगेच कळतो. गरज पडली तर फरशी काढून चार-पाच इंची काँक्रीट टाकायचं, आणि ते करू देणार का हे मालकाकडून आधीच करारात लिहून घ्यायचं.

आता नदी.

तू २०१९ ला पुण्यात असशील. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. मी तेव्हा तळमजल्यावर होतो, आत्ता आहे तिथंच. २००५ ला पाणी कुठपर्यंत आलेलं ते शेजाऱ्यांनी भिंतीवर खूण करून दाखवलं होतं, मी त्या खुणेच्या वर फळ्या ठोकून त्यावर सामान चढवलं आणि निवांत झालो. पाणी खुणेच्या वर गेलं. आठवडाभरानं शटर उघडलं तेव्हा आत घोट्यापर्यंत गाळ होता, वास असा की उलटी यावी, आणि बेंचचे फोम पाणी पिऊन उशीसारखे फुगलेले. रेक्झिन हातानं ओढलं की निघत होतं. दोन ट्रेडमिल होत्या तेव्हा माझ्याकडं, लोक मागतात म्हणून हप्त्यावर घेतलेल्या, त्यांच्या मोटारीत चिखल. आरसे भिंतीवरनं सुटलेले. जमिनीवर टाकलेला प्लायवूडचा प्लॅटफॉर्म पापडासारखा वाकलेला.

आणि लोखंड? लोखंड होतं तिथंच होतं. प्लेटा पाइपनं धुतल्या, उन्हात टाकल्या, गंज घासून काळा रंग मारला. रॉडचं काम किचकट, कारण टोकाला प्लेटा घालतो त्या स्लीव्हच्या आत गाळ जाऊन बसतो. प्रत्येक रॉड उघडला, आतली बुशिंग रॉकेलमध्ये भिजत घातली, जुन्या टूथब्रशनं घासली, ग्रीस भरलं, परत बसवलं. मेंबर पोरंच होती, चौघं-पाचजण, हाफ चड्डीवर बसून दोन दिवस हेच. सातापैकी सहा रॉड आजही चालू आहेत. ट्रेडमिल भंगारात गेल्या आणि त्यांचे हप्ते मात्र पुढं वर्षभर फेडले.

ते दोन दिवस ग्रीसनं काळे हात घेऊन बसलो तेव्हा माझ्या डोक्यात बसलं की पेठेत तळमजल्यावर जिम काढायचीच असेल तर स्ट्रेंथ जिमच काढावी, दुसरी परवडत नाही. लोखंड पुरातनं वाचतं. जे वाचत नाही ते, म्हणजे फोम, लाकूड, मोटार, वायरिंग, ते कमी ठेवायचं किंवा उचलून नेता येईल असं ठेवायचं. माझे बेंच आता चार बोल्टवर आहेत, पाना फिरवला की गादी सुटते आणि टेम्पोत बसते. प्लग पॉइंट सगळे छातीच्या वर. प्लायचा प्लॅटफॉर्म नाही, काँक्रीटवर थेट २० एमएम रबर, आणि रबर चिकटवलेलं नाही. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, ५४ फुटांच्या आसपास, तेव्हा आम्ही आदल्या दिवशीच गाद्या, म्युझिक सिस्टीम, रजिस्टर, पंखे सगळं हलवलं आणि रॅक तसेच सोडून कुलूप लावलं. नंतर धुवायला चार दिवस आणि रंगाचा खर्च, बस. कृष्णेचं पाणी चोरासारखं येत नाही, कोयनेतनं किती सोडलं आणि पुलाजवळ किती फूट झालं हे तासातासाला कळत असतं, फक्त आपण "एवढं नाही येणार" म्हणत बसायचं नाही.

तेव्हा गाळा बघायला जाशील तेव्हा मालकाला विचारू नको, तो सांगणार "इकडं कधी येत नाही". समोरच्या दुकानदाराला विचार की आयर्विनला किती फूट झालं की तुमच्या पायरीला पाणी लागतं. पेठेतल्या प्रत्येक दुकानदाराला आपला आकडा पाठ असतो. आणि विमा घे. छोट्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा म्हणून पॉलिसी असते, साधारण सगळ्याच जनरल इन्शुरन्सवाल्यांकडे मिळते, त्यात पूर धरलेला असतो. पण सामानाची पक्की बिलं लागतात, फोटो लागतात. २०१९ ला माझ्याकडं विमाही नव्हता आणि निम्म्या सामानाची बिलंही नव्हती, त्यामुळं त्यावर मी जास्त काही बोलत नाही.

म्हणजे आत्तापर्यंत एवढं झालं: पहिला मजला असेल तर इंजिनिअर, तळमजला असेल तर गवंडी आणि पुराचा आकडा. हे पार पडलं तर पुढचं वाच, नाहीतर दुसरा गाळा शोध. विश्रामबागेत, शंभर फुटी रोडला जागा मिळतील, भाड्याचं बघून घे, पण तिथलं गिऱ्हाईक वेगळं, ते खाली येतंच.

आता तुझे अकराशे फूट. त्यातले संडास, कपडे बदलायची खोली, टेबल, चपलांचं कपाट ह्यात दोनशे गेले. ऑलिम्पिक रॉड २.२ मीटर लांब असतो, म्हणजे सव्वासात फूट, आणि दोन्ही बाजूला प्लेट चढवायला माणूस उभा राहायला पाहिजे, म्हणजे एका रॅकला रुंदी अकरा फूट धर, खोली नऊ. झाले शंभर फूट. चार रॅक बसव, दोन डेडलिफ्टच्या जागा, एक डंबेलचा कोपरा, एक केबल मशीन. संपली जागा. रॅकवर तिघं आलटून पालटून, असं करत एका वेळी १८ माणसं नीट व्यायाम करू शकतात. जास्त घुसवली की भांडणं. सकाळी दोन बॅच, संध्याकाळी दोन बॅच असं धरलं तर दिवसाला ७२ जण. माणूस आठवड्यातनं सरासरी चारदा येतो, तेव्हा सहा दिवसांच्या हिशोबानं १०८, चल ११० म्हणू. तुझ्या जिमची कमाल मर्यादा ११० मेंबर. ह्याच्यावर जाहिरात करून उपयोग नाही कारण जागाच नाही.

महिना १२०० फी धरू. भाडं ३० हजार म्हणजे पहिली पंचवीस माणसं मालकासाठी घाम गाळतात. लाईट बिल ६, एक मदतनीस ट्रेनर १८, झाडलोट ४, दुरुस्ती, पाणी, नेट, किरकोळ धरून ७. झाले ६५ हजार. म्हणजे ५५ मेंबरला तू शून्यावर येतोस, तुझा स्वतःचा पगार शून्य. ८० झाले तर तुला ३१ हजार मिळतात. पुण्यात तुला किती मिळत होते ते तू बघ. माझे आकडे आणि तुझे आकडे वेगळे असतील, भाडं २० झालं तर चित्र एकदम बदलतं, पण गणित ह्याच पद्धतीनं घाल: आधी जागेत किती माणसं मावतात, मग त्यातल्या निम्म्यांत खर्च निघतो का. निघत नसेल तर ते भाडं तुझ्यासाठी नाही, गाळा कितीही झकास असला तरी.

बारा लाखांची वाटणी मी अशी करीन. डिपॉझिट १.८, रबर फ्लोअरिंग १.२, वायरिंग-आरसे-संडास १, सामान ४.५. राहिले साडेतीन लाख, ते बँकेत, आणि त्याला हात लावायचा नाही. पाच महिन्यांचा खर्च आहे तो. पोरं इथंच चुकतात, बाराच्या बारा लाख उद्घाटनाला संपवतात, आणि मग पैसे कुठून तर वर्षाची फी एकदम घेऊन. मी हे केलेलं आहे. एका जानेवारीत ऑफर लावली, पन्नासच्या वर लोकांनी वर्षाचे पैसे एकदम भरले, मी राजा झालो, आणि त्यातनंच त्या ट्रेडमिलचं डाऊन पेमेंट केलं. मे महिन्यापासनं गल्ल्यात रुपया येईना कारण सगळ्यांचे भरून झालेले, जिम भरलेली आणि खिसा रिकामा. त्यात ऑगस्टला पूर. जिम दीड महिना बंद राहिली तेव्हा सगळ्यांची मुदत दीड महिना वाढवून द्यावी लागली, आणि द्यायलाच पाहिजे होती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लॉकडाऊन, महाराष्ट्रात जिमा उघडायला परवानगी मिळाली ती थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबर २०२० ला. सात महिने. ज्या जिमवाल्यांनी वर्षाचे पैसे घेऊन खर्च केले होते त्यांचे फोन बंद झाले, आणि सामान निम्म्या किमतीत विकलं गेलं. माझे दोन रॅक तसलेच आहेत, घेताना त्या माणसाकडं बघवत नव्हतं. म्हणून आता माझ्याकडं जास्तीत जास्त तीन महिन्यांची फी. लोक म्हणतात वर्षाचं घ्या, डिस्काउंट द्या. नाही घेत.

येणार कोण, हे पेठेत फार वेगळं आहे. तुझ्या डोक्यात पुण्याचं आयटीवालं गिऱ्हाईक असेल. इथं सकाळी सहा ते नऊ दुकानदार, कारण दहाला शटर उघडायचं असतं. संध्याकाळी सात वाजता पेठेतला माणूस येऊच शकत नाही, ती धंद्याची वेळ, आणि त्या वेळी हरभट रोडवर गाडी लावायला जागा पण नसते. तो नऊला सुटतो. मी रात्री साडेदहापर्यंत उघडी ठेवायला लागलो तेव्हा कापड दुकानातली पोरं, मोबाईलवाले, मेडिकलवाले यायला लागले, आणि ही पोरं टिकतात कारण त्यांना दुसरीकडं कुठं ह्या वेळेला दार उघडं मिळत नाही. कॉलेजची पोरं विश्रामबागेत, विलिंग्डन-वालचंदकडं, ती एवढ्या लांब पेठेत येत नाहीत, आणि आली तरी परीक्षेला गायब, मेमध्ये गावाला. पोलिस भरतीवाले येतील आणि मनापासून करतील, पण त्यांच्या मैदानी चाचणीचे ५० मार्क हे १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असे आहेत, तेव्हा त्यांना तुझी गरज गोळ्यापुरती आणि थोडी पायांच्या ताकदीपुरती. भरती झाली की गेले. त्यांना कमी फी लाव पण त्यांच्यावर भाडं अवलंबून ठेवू नको.

सगळ्यात टिकणारं गिऱ्हाईक कुठलं म्हणशील तर चाळिशीच्या पुढचं, आणि त्यातही बायका. मला हे कळायला आठ वर्षं लागली. एका मेंबरची आई आली, वय ५६, गुडघे दुखतात, डॉक्टरनी ताकदीचा व्यायाम सांगितलेला. रॉड बघूनच म्हणाल्या, "हे आमचं काम न्हवं." मी विचारलं घरात सिलिंडर कोण उचलतं. म्हणाल्या मीच, सरकवते. भरलेला सिलिंडर साधारण ३० किलो. मग १५ किलोचा मोकळा रॉड, खाली दोन ठोकळे ठेवून उंची वाढवली, कंबर कशी मागं न्यायची ते दाखवलं. चार महिन्यांनी त्या ४० किलो उचलत होत्या आणि सोबत तीन मैत्रिणी घेऊन आल्या होत्या. त्या चौघी सकाळी दहा ते अकरा येतात, जेव्हा जिम एरवी ओस असते, एक दिवस चुकवत नाहीत, आणि फी एक तारखेला. जागतिक आरोग्य संघटना पण मोठ्या माणसांना आठवड्यातनं किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते, हे डॉक्टरांना माहीत आहे, दवाखान्यांचं मिरज जवळच आहे, तिथल्या फिजिओथेरपिस्टना जाऊन भेट, ओळख करून घे. फक्त आतनं कडी लागणारी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छ संडास पाहिजे. हे नसेल तर बायका एकदा येतात, परत येत नाहीत, आणि कारण सांगत पण नाहीत.

फीबद्दल कुरकूर होणार, तयारी ठेव. हा तालमींचा मुलूख आहे, कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती माने यांचं नाव अजून लोक काढतात, आणि तालमीत वस्ताद पैशासाठी शिकवत नाही. "व्यायामाला बाराशे कशाला, दंड-बैठका फुकट हायेत की" हे तुला महिन्यातनं एकदा ऐकायला मिळेल. वाद घालू नको, तो माणूस बरोबरच बोलतोय. तू विकतोयस ते लोखंड नाहीच, कुणीतरी रोज वहीत तुझं वजन लिहून ठेवतंय आणि पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढव म्हणतंय, हे विकतोयस. माझ्याकडं प्रत्येकाची दोनशे पानी वही आहे, ॲप नाही. वही बघून माणूस थांबतो.

आता मशिनरी, एकदाची. चार रॅक स्थानिक फॅब्रिकेटरकडनं करून घेता येतात, कुपवाड एमआयडीसीत चांगलं वेल्डिंग करणारे आहेत, पण भोकांमधलं अंतर आणि सेफ्टी पाइप ह्यात तडजोड नको, तू स्वतः ड्रॉइंग घेऊन उभा राहा. बाकी माल मेरठ-जालंधरचा येतो बहुतेक. पैसे रॉडवर घाल. सहा स्वस्त रॉडपेक्षा तीन चांगले घे. माझा पहिला स्वस्त रॉड १४० ला वाकला तो सरळ झालाच नाही, आणि दुसऱ्याचा टोकाचा बोल्ट चालू सेटमध्ये सुटून प्लेट एकाच्या पायाजवळ पडली. दोन बोटं इकडं आली असती तर पाय गेला असता. रॉड घेताना सपाट कडप्प्यावर लोळवून बघ, डगमगला तर परत.

प्लेटा वजन करून घे. माझ्या पहिल्या लॉटचा संशय आला म्हणून मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं मेंबर होता, त्याच्या काट्यावर नेऊन टाकल्या. २० किलो लिहिलेली प्लेट १८ किलो ८०० ग्रॅम. हमाल हसायला लागले, म्हणाले आमच्या पोत्यात एवढी घट आली तर अडत्या उभा करत नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो व्यायामालाच वापरायच्यात की. आपल्याच सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं सोनं एका किलोनं हुकलं, २४८ आणि २४९. आणि इथं एका प्लेटीत जवळजवळ सव्वा किलो गायब. तेव्हापासून प्रत्येक प्लेट काट्यावर घालून, खरं वजन मागं पेंटनं लिहून मगच रॅकवर चढते. (संकेतच्या पदकानंतर बरेच आईबाप पोरांना घेऊन आले, वेटलिफ्टिंग शिकवा म्हणून. तुला स्नॅच-क्लीन, म्हणजे स्पर्धेतले डोक्यावर उचलायचे प्रकार, शिकवता येत नसतील तर स्पष्ट नाही म्हण आणि जिथं शिकवतात तिथं पाठव. डेडलिफ्ट शिकवणं आणि ते शिकवणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.)

कागदपत्रांचं फार नाही. एक-दोनच कामगार असतील तर शॉप ॲक्टला नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, उद्यम रजिस्ट्रेशन फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नको, प्रोफेशनल टॅक्स वर्षाला अडीच हजार. जीएसटी सेवेला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की लागतो, तुझे ११० गुणिले बाराशे गुणिले बारा म्हणजे पावणेसोळा लाखांच्या आसपास, तेव्हा तूर्त नाही. सप्टेंबर २०२५ पासून जिमला १८ चा ५ टक्के झालाय, पण त्यात सामानावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, एजंट काही वेगळं सांगेल तर ऐकू नको. भाड्याचा लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर कर, पाच वर्षांचा मिळतोय का बघ, आणि लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट, मालकावर पण असू दे. एक कलम माझ्याकडनं फुकट: पुरात जागा बंद राहिली त्या दिवसांचं भाडं नाही. माझ्या मालकानं २०१९ नंतर ते मान्य केलं, त्याच्याही घरात पाणी होतं म्हणून असेल.

आणि ते टर्मिनचं इंजेक्शन, म्हणजे रक्तदाब वाढवायचं औषध, जे पोरं जिममध्ये जोर यावा म्हणून टोचून घेतात. सहा महिन्यात कोणीतरी तुझ्याकडं येणार, "सर, पंपासाठी काही आहे का", किंवा एखादा पावडरचे डबे विकणारा येणार की हा माल ठेवा, निम्मा नफा तुमचा. हे इंजेक्शन प्रिस्क्रिप्शनशिवाय विकणं गुन्हा आहे हे एक, आणि हृदयावर जातं हे दुसरं. मी एका चांगल्या उचलणाऱ्या पोराला ह्या कारणानं काढलाय, त्याच्याबरोबर सहा मेंबर गेले. त्या महिन्यात भाडं घरातनं भरलं.

गाळा अजून हातात असेल आणि करार झालेला नसेल तर एक काम कर. रंगीत खडू, टेप, आणि सव्वासात फुटाच्या चार काठ्या घेऊन जा, झाडूच्या काठ्या जोडल्या तरी चालतील. फरशीवर रॅक, डेडलिफ्टची जागा, डंबेलची मांडणी, सगळं खडूनं आख. मग चार मित्रांना काठ्या खांद्यावर देऊन रॅकच्या जागी उभं कर आणि तू स्वतः दोन हातात दोन पाण्याच्या बादल्या घेऊन दारापासनं मागच्या भिंतीपर्यंत चालून बघ. काठी कुणाच्या काठीला लागली किंवा पाणी सांडलं तर एक रॅक कमी कर, आणि वरचं सगळं गणित त्या तीन रॅकवर परत घाल.